दर दहाव्या जॉबला

सकाळी सातच्या शिफ्टला मशीन चालू केलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं मी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावत नाही. स्पिंडल नुसता फिरू देतो. रात्रभर बंद राहिलेलं मशीन थंड असतं आणि थंड मशीनवर आलेला साईज ते तापल्यावर तसाच येईल याचा भरवसा नसतो. तेवढ्या वेळात हात रिकामे असतात. मशीनच्या दाराला उजवा हात लावायचा, तोच हात छातीला लावायचा आणि मनात म्हणायचं, ‘पांडुरंगा, आजचा दिवस तुला वाहिला. हात तुझे, काम तुझं.’

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सीएनसी टर्निंगवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, मला २२ वर्षं झाली. हे वाक्य मी जवळजवळ पहिल्यापासून म्हणत आलो. नाना, म्हणजे माझे वडील, माळकरी होते. त्यांच्यानंतर माळ माझ्या गळ्यात आली आणि रात्रीचा हरिपाठही माझ्याकडे आला. सकाळी हे वाक्य, रात्री हरिपाठ, अशी दोन टोकं पक्की होती. मधला दिवस मात्र मोकळा सुटायचा. नऊ वाजले की डोक्यात घराचा हप्ता, दहाला सुपरवायझर काय बोलला ते, अकराला गावाकडच्या बांधावरून भावाशी झालेली बोलाचाली. सकाळी वाहिलेला दिवस मी दोन तासांत परत स्वतःच्या डोक्यावर घेतलेला असायचा. कित्येक वर्षं हे माझ्या लक्षातही आलं नाही. मला वाटायचं, एकदा वाहिला म्हणजे वाहिला.

ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांना थोडं समजावून सांगतो, कारण मला जे सांगायचंय ते मला या मशीननेच शिकवलं. समजा मी एक शाफ्ट कापतोय. त्याचा बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर हवा आणि त्यात सूट आहे फक्त २० मायक्रॉनची, तीही ३२ च्या खालीच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. सकाळी सेटिंग केलं, पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजला, ३१.९९० आला. उत्तम. पण लोखंड कापता कापता इन्सर्टचं, म्हणजे कापणाऱ्या छोट्या पात्याचं, टोक झिजत जातं. ते डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, आवाजही बदलत नाही. टोक झिजलं की ते किंचित कमी कापतं आणि व्यास हळूहळू वाढत जातो. दहाव्या जॉबला ३१.९९२. तिसाव्याला ३१.९९६. लक्ष नाही दिलं तर पुढे कधीतरी ३२ ओलांडून जातो. ऑपरेटरची काही चूक झालेली नसते. कापणारं टोक झिजणारच, तो त्याचा धर्मच आहे. ऑपरेटरचं काम एवढंच की दर दहाव्या जॉबला मोजायचं आणि जितकं सरकलं असेल तितका ऑफसेट, म्हणजे दुरुस्तीचा आकडा, मशीनला देऊन साईज परत जागेवर आणायचा.

हे मी नव्या पोरांना शंभर वेळा शिकवलं असेल. ‘सकाळचं सेटिंग संध्याकाळपर्यंत पुरत नसतं रे,’ असं सांगायचो. आणि मनाच्या बाबतीत मी स्वतः सकाळच्या सेटिंगवर विसंबून होतो.

माझे डोळे पहिल्यांदा उघडले ते त्र्यंबक रोडवर. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सातपूरवरून दिंड्या जात असतात. निफाड, सिन्नर, पार नगरकडून माणसं पायी येतात. जानेवारीची थंडी, त्यात नाशिकची. मी दुसऱ्या शिफ्टला निघालो होतो. एका दिंडीच्या शेवटी एक म्हातारी रस्त्याच्या कडेला बसली होती. चपलेचा अंगठा तुटला होता. मी सायकल थांबवली.

“दोरीचा तुकडा हाये का रे दादा?” एवढं म्हणाली आणि लगेच ओठ हलायला लागले, ‘रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.’ माझ्या डब्याच्या पिशवीला पॅकिंगची सुतळी बांधलेली होती, ती सोडून दिली. तिने सुतळी दातात धरून तोडली. तेवढा वेळ ओठ थांबले, पण मान त्याच ठेक्यात हलत होती. मग सुतळी चपलेच्या भोकातून ओवली, गाठ मारली, गाठ ओढून पाहिली, सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली. घाई नाही. मला विचारलं, “तुमाला कामावं जायचंय ना? जा बाबा,” आणि जिथं सोडलं होतं तिथून नाम पुन्हा सुरू. दिंडी बरीच पुढे गेली होती. उठली, तळवा दोनदा जमिनीवर दाबून पाहिला आणि चालायला लागली.

त्या दिवशी मशीनवर उभा असताना माझ्या डोळ्यांसमोरून ती गाठ हलेना. तिने नाम घ्यायला वेगळा वेळ काढला नव्हता, आणि नामासाठी चपलेचं काम उरकूनही टाकलं नव्हतं. गाठ सैल झाली तर तिने ती सोडून नीट मारली. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता.

मीही करून पाहायचं ठरवलं, आणि पहिल्याच फटक्यात चुकलो. बाजारात जपाचं छोटं काउंटर मिळतं, बटण दाबलं की आकडा वाढतो. ते आणलं. पँटच्या डाव्या खिशात ठेवायचं, जॉब कापत असताना मिनिटभर उभं राहावं लागतं तेवढ्यात बटण दाबत राहायचं. दिवसाला ५,००० असा नेम केला. कारखान्यात आम्ही रोज आकडा गाठणारी माणसं, शिफ्टला २०० जॉब काढायचे म्हणजे काढायचे. नामालाही तीच सवय लावली. सुरुवातीला फार बरं वाटलं. रात्री घरी आलो की बायकोला आकडा सांगायचो.

महिनाभरानंतर एका दुपारी साईज आठ मायक्रॉन वर सरकला होता. ऑफसेट द्यायचा होता उणे ०.००८. माझं अर्धं लक्ष आकड्यात, ४,००० ओलांडायचे होते. मी टाकलं उणे ०.०८. एक शून्य राहिलं. ऑफसेट दिल्यावर पुढचा जॉब मोजायचाच असतो, तोही मोजला नाही. कळलं तेव्हा २४ जॉब बारीक कापून झाले होते. व्यास मोठा राहिला असता तर पुन्हा कापून दुरुस्त करता आला असता. कापून गेलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. सगळे भंगारात गेले. मला लेखी ताकीद मिळाली आणि ती रास्त होती.

लहानपणी गोरोबाकाकांची कथा कीर्तनात ऐकली होती. नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पायाखाली आपलं लेकरू आलं हे त्यांना कळलं नाही. मला त्या वयात ती कथा ऐकून रात्री झोप लागली नव्हती. त्या महापुरुषाच्या अवस्थेबद्दल बोलण्याची माझी योग्यता नाही. पण माझी ती अवस्था नव्हती, हे मला त्या २४ जॉबसमोर उभं राहून स्वच्छ कळलं. मी तंद्रीत नव्हतो, मी आकडेमोडीत होतो. त्या दिवसापासून मी सावता महाराजांना जास्त धरून राहिलो. अरणच्या मळ्यात भाजीला पाणी देता देता ज्यांनी विठ्ठलाला पाहिलं. पाणी कुठल्या वाफ्यात चाललंय ते न पाहणारा माळी चालेल का? गीतेत भगवंत अर्जुनाला म्हणतात, ‘मामनुस्मर युध्य च’, माझं स्मरण कर आणि युद्धही कर. त्या एका ‘च’वर मी किती दिवस विचार केला असेल. बाण सोडताना अर्जुनाचा नेमही चुकून चालणार नव्हता.

काउंटर देवघरात ठेवून दिलं. नामाला नेम लावला तो कामाचाच. दर दहाव्या जॉबला मायक्रोमीटर हातात घ्यायचा, साईज पाहायचा आणि त्याच श्वासात मनाकडेही पाहायचं. कुठे सरकलंय? भावावर रागावलंय? हप्त्याची भीती वाटतेय? जे असेल ते तसंच्या तसं सांगायचं, ‘पांडुरंगा, हे बघ, इथवर आलंय,’ आणि परत त्याच्या हवाली करायचं. दहा सेकंदांचं काम. शिफ्टला २०० जॉब म्हणजे २० वेळा. पुढे पुढे मधल्या जॉबलाही आपोआप नाम यायला लागलं. चक उघडताना ‘राम’, आवळताना ‘कृष्ण’, दार सरकवताना ‘हरी’. आता ते मी घेतो की मशीन घेतं हे सांगता येणार नाही. पण मोजणं दहाव्यालाच.

हरिपाठाची पहिलीच ओळ आहे, ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’. क्षणभरीच म्हटलंय माउलींनी. आयुष्यभर मी ती म्हणत आलो आणि तास-अर्धा तास बसणं म्हणजेच भक्ती असं धरून चाललो. क्षणभर तर आपल्या सगळ्यांकडे असतो, दिवसात कितीतरी वेळा असतो.

हे बसलंय असं वाटत होतं तेवढ्यात २०२० चा मार्च आला. कारखाना बंद. घरी बसलो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की नाम गेलं. वेळच वेळ होता, हरिपाठ सकाळ-संध्याकाळ चालू होता, पण मधला दिवस पुन्हा पहिल्यासारखा रिकामा. माझं नाम मशीनला बांधलेलं होतं, मशीन नाही तर नाम नाही. मनाला फार लागलं ते. रोज मोबाईलवर बातम्या बघायच्या आणि धास्तावून बसायचं.

तेव्हा आईकडे नीट पाहिलं. आई तेव्हा ७६ वर्षांची. ती कधी माळ घेऊन बसलेली मी पाहिली नव्हती, म्हणून माझ्या मनात भक्तिमार्गावरचे आपले नाना, आई आपली घरातली, असं होतं. त्या दोन महिन्यांत मी तिचा एकेक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत पाहिला. उठल्यावर अंथरुणातच दोन्ही तळवे समोर धरून ‘कराग्रे वसते लक्ष्मी’. जमिनीला पाय लावायच्या आधी जमिनीची क्षमा. अंगावर पहिला तांब्या घेताना गंगा, यमुना, गोदावरी. चूल गेली, गॅस आला, तरी पेटवण्याआधी हात जोडणं. पहिली पोळी बाजूला. ताटावर बसलं की ‘वदनी कवळ’. दिवेलागणीला शुभंकरोति. आणि या सगळ्याच्या मधे उठता-बसता, गुडघ्यावर हात टेकून, ‘विठ्ठला’. कळ आली तरी विठ्ठला, गारवा वाटला तरी विठ्ठला. पातेलं उतरवताना, लसूण सोलताना, नातीच्या केसांचा गुंता सोडवताना. दिवसाचा कुठलाही सांधा तिने उघडा ठेवलेला नव्हता. आपल्याकडे जुन्या लोकांनी दिवसाच्या प्रत्येक वळणावर एक एक हाक ठेवून दिली आहे, आणि मी ती बायकांची पाठांतरं समजत होतो.

त्यातली अंघोळीची हाक मला सगळ्यात जवळची. ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति...’ दुसऱ्या गावची माणसं बादलीतल्या पाण्यात गोदावरीला बोलावतात. आमच्या सातपूरच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, म्हणजे बादलीत साक्षात गोदावरीच असते. आम्ही नाशिककर तिला गोदावरी म्हणतही नाही, गंगाच म्हणतो. रामकुंडावर जायचं म्हणजे ‘गंगेवर जाऊन येतो’. वर्षानुवर्षं त्या गंगेच्या पाण्याने मी घाईघाईत अंघोळ उरकली, डोक्यात पहिल्या शिफ्टची बस. आता पहिला तांब्या सावकाश ओततो. ब्रह्मगिरीवरून निघालेलं पाणी खांद्यावरून खाली जातं तेवढा वेळ तरी मी दुसरीकडे कुठे नसतो.

इथपर्यंतचं सगळं स्मरणाचं झालं. सोपवण्याचं मला फार उशिरा कळलं, तेही बायकोमुळे.

२०२३ च्या पावसाळ्यात तिच्या छातीत गाठ हाताला लागली. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग बायोप्सी. रिपोर्टला पाच दिवस लागतील म्हणाले. पहिल्याच संध्याकाळी मी देवापुढे बसून म्हटलं, ‘पांडुरंगा, तुझ्या हवाली केली.’ अगदी मनापासून म्हटलं, डोळ्यांतून पाणी आलं. हलकंही वाटलं. रात्री एक वाजता जाग आली आणि मी उठून फाईल उघडून बसलो. तोच कागद, तेच न कळणारे शब्द. दोन वाजता पुन्हा. चारला पुन्हा.

तिसऱ्या रात्री ती अंथरुणातूनच म्हणाली, “अहो, देवावर सोपवलंय ना तुम्ही? मग रात्रीतून तीन-तीनदा फाईल का उघडता?”

तिच्या बोलण्यात चिडणं नव्हतं. मी फाईल हातात घेऊन अंधारात तसाच उभा राहिलो, आणि मला मशीन आठवलं. सोपवलेलंही झिजतं. त्यात माझ्या श्रद्धेला खोट लागली असं नाही. भीती कापत राहणार, टोक झिजत राहणार. मी मात्र संध्याकाळी एकदा सेटिंग करून रात्रभर त्याच साईजची अपेक्षा करत होतो, आणि साईज सुटला की स्वतःला पापी समजत होतो. नव्या पोराचा साईज सरकला म्हणून मी त्याला कधी पापी म्हटलं नाही. मोज आणि ऑफसेट दे, एवढंच म्हटलं.

मी फाईल कपाटात ठेवली. तिच्या शेजारी येऊन बसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘पांडुरंगा, परत घेतली होती, परत देतो.’ अर्ध्या तासाने पुन्हा तेच. त्या रात्री किती वेळा दिली ते मोजलं नाही.

रिपोर्ट यायचा तोच आला. ऑपरेशन, सहा केमो, मग रेडिएशन. कोणी म्हणेल, एवढं सोपवून काय मिळालं? मी रिपोर्ट बदलून मागितला नव्हता, असं म्हणणार नाही. मागितला होता, हात जोडून मागितला होता. आईबापाकडे लेकरू मागतंच. पण त्या सात-आठ महिन्यांत मला जे करायचं होतं ते माझ्या हातून झालं. नाना ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण घरात कोणाला म्हणू द्यायचे नाहीत. हरीची निंदा आहे म्हणायचे. ते मला तेव्हा समजलं. पतसंस्थेचं कर्ज काढलं, पहाटे जाऊन नंबर लावला, प्रत्येक केमोनंतर तिला पहिले चार दिवस काय खाववतं ते वहीत लिहून ठेवलं. मुगाचं कढण चालायचं, फोडणीचा वास चालायचा नाही. कढण ढवळताना विठ्ठल, रांगेत उभा असताना विठ्ठल. पाय उचलायला बळ त्यातूनच आलं, मला दुसरं कारण माहीत नाही.

तिचे केस गळायला लागले तेव्हा आईने तिला पुढ्यात बसवलं आणि आपल्या हाताने उरलेले केस कातरले. कात्रीच्या प्रत्येक आवाजाबरोबर हळूच ‘विठ्ठला, विठ्ठला’. कोणी रडलं नाही. केस एका कापडात बांधून आईने मला दिले, “गंगेला दे” म्हणाली. पण नदीत काही टाकू नये. मी रामकुंडावर गेलो, काठावर बसून नुसता त्या गाठोड्याला हात लावून बसलो, आणि घरी येऊन अंगणातल्या तुळशीच्या मुळाशी ते पुरलं.

कीर्तनकार नवविधा भक्ती सांगतात. श्रवणापासून सुरू होते आणि आत्मनिवेदन सगळ्यात शेवटी, नववं. ऐकताना वाटायचं, आपण पहिल्या-दुसऱ्या पायरीवरची माणसं, नववीचा विचारच नको. आता वाटतं, प्रपंचातल्या माणसाला ते नववं अख्खं एका वेळी जमणार नाही, पण चिमूटचिमूट रोज देता येतं. आज दुपारची भीती. आज सकाळचा राग. दिलेलं परत आपल्याकडे आलं तर पुन्हा द्यायचं. तो घेताना कंटाळत नाही.

साडेतीनला दुसऱ्या शिफ्टचा पोरगा येतो. मी त्याला चार्ज देतो. कुठल्या इन्सर्टचा कितवा कॉर्नर चालू आहे, शेवटचा साईज काय मिळाला, किती ऑफसेट दिलाय, सगळं पाटीवर लिहून दाखवतो. तो मान हलवतो, ‘रामकृष्णहरी काका’ म्हणतो, मीही म्हणतो, आणि हात धुऊन निघतो. घरी येताना त्या मशीनचा विचार कधी मनात येत नाही. आता ते दुसऱ्याच्या हातात आहे. रात्री दिवा मालवल्यावर मी तसाच चार्ज देतो. आज भावाला फोन केला, अर्धवट बोलणं झालं, उरलेलं तू बघ. मुलीचा दहावीचा अभ्यास इथपर्यंत आलाय. आईचा गुडघा आज जास्त दुखतोय. एकेक सांगत जातो, सांगता सांगता झोप लागते.

गुरुवारी तिची सहा महिन्यांची तपासणी आहे. रजा टाकली आहे. फाईल तिने पिशवीत भरून दाराशी ठेवली आहे. आज संध्याकाळपासून माझी नजर दोनदा त्या पिशवीकडे गेली, दोन्ही वेळा मी ‘विठ्ठला’ म्हटलं. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, “काय म्हणालात?” म्हटलं, काही नाही. ती भाताला फोडणी देत होती. आता तिला फोडणीचा वास चालतो.